निलगिरी आमच्या वरकसात आहे, मग कोआला का नाही? (सातवीतल्या मुलाचा प्रश्न)

आगरवाली

नमस्कार. प्रश्न माझ्या मुलाचा आहे, पण चार दिवस ऐकून ऐकून आता तो माझाही झालाय.

आम्ही मुरूडच्या दक्षिणेला एका वाडीत राहतो. खाली नारळ-सुपारीचं आगर, वर डोंगरउताराला दीड एकर वरकस, म्हणजे भात न होणारी हलकी जमीन. त्या वरकसात सासऱ्यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी चाळीस निलगिऱ्या लावल्या होत्या. काही मांगराच्या वाशांसाठी तोडल्या. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आगरातल्या सुपाऱ्या रांगेने मोडून पडल्या, वरच्या एकोणीस निलगिऱ्या मात्र उभ्या राहिल्या. मुलाने त्यांना नावं ठेवलीत.

शाळेत 'एक प्राणी आणि त्याचं घर' अशी वही करायची आहे. मी म्हटलं, शेकरू घे, आपल्या फणसाड अभयारण्यात आहे. त्याने घेतला कोआला. आणि आता विचारतो, "आई, त्याचं झाड आपल्याकडे आहे, ऊन तिकडेही आहे, मग तो इथे का नाही? आणून सोडला तर जगेल ना?" 'तो ऑस्ट्रेलियाचा प्राणी आहे' हे उत्तर त्याला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते उत्तर वाटत नाही.

माझ्या शेळ्या निलगिरीला तोंडही लावत नाहीत. कोवळी फूटसुद्धा नाही. मग हा प्राणी तेवढ्यावरच कसा जगतो? तो पाणी पीत नाही म्हणतात, ते खरं का? कुणी प्रत्यक्ष पाहिला असेल तर कृपा करून सविस्तर लिहा. मी त्याला वाचून दाखवणार आहे.

खाडीपलीकडे

ताई, थोडक्यात लिहितो. पहिलं म्हणजे, लोक 'कोआला अस्वल' म्हणतात तरी तो अस्वल नाही. पोटाला पिशवी असलेला, कांगारूच्या मोठ्या गोतावळ्यातला प्राणी. आज जिवंत असलेल्यांत त्याचा सर्वात जवळचा नातलग वॉम्बॅट, जो जमिनीत बीळ करून राहतो.

दुसरं, निलगिरी आपली नाहीच. १७९०च्या सुमारास टिपू सुलतानाच्या काळात नंदी टेकडीवर ती पहिल्यांदा लावली, आणि १८४३पासून नीलगिरी पर्वतात सरपणासाठी. तिथूनच आपल्या भाषेत तिला हे नाव पडलं. बी जहाजातून आलं, प्राणी समुद्रापलीकडे राहिला. आपल्या किनाऱ्यावरचं सुरूचं झाड आणि रस्त्याकडेचा तो पिवळ्या फुलांचा आकेशिया, दोघांचीही मायभूमी त्याच बाजूची.

जुना वनरक्षक

ताई, मी पाहिलाय. एकदा नाही, सहा महिने जवळजवळ रोज. म्हणून लांबलचक लिहितोय, पोराला दोन दिवसांत वाचून दाखवा.

वनखात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली अकरा फणसाडला. आता श्रीवर्धनला असतो. मुलगी ब्रिस्बेनच्या दक्षिणेला राहते, डेझी हिल नावाच्या संरक्षित जंगलापासून चालत वीस मिनिटांवर. निवृत्तीनंतर ऑगस्ट ते जानेवारी तिच्याकडे होतो. तिकडे ते दिवस थंडी सरून उन्हाळा यायचे.

पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता जाग आली. बाहेर रानडुक्कर घोरावं तसा आवाज, आत ओढलेला श्वास आणि बाहेर टाकलेली डुरकी, पुन्हा श्वास, पुन्हा डुरकी. मी काठी शोधायला उठलो. मुलगी म्हणाली, "बाबा, झोपा, कोआला आहे." माझा विश्वास बसेना. सहा-सात किलोचं जनावर आणि आवाज रेड्याएवढा खर्जातला. पुढे कळलं, त्याच्या घशात स्वरयंत्राच्या बाहेर आणखी एक जाड पडद्यांची जोडी असते. ती शास्त्रज्ञांनी २०१३ साली उजेडात आणली. विणीच्या दिवसांत नर असा ओरडून माद्यांना आणि इतर नरांना आपला ठिकाणा सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे करायचं तेच केलं, झाडाखाली बसून लेंड्या शोधल्या. सापडल्या. जांभळाच्या बीएवढ्या, लांबोडक्या, कडक, हिरवट तपकिरी. एक मोडून नाकाशी धरली तर निलगिरी तेलाचा वास! मग खोड पाहिलं. गुळगुळीत सालीवर नखांचे ओरखडे, वर चढताना रोवलेले आणि उतरताना घसरलेले. मान वर केली आणि दुबेळक्यात राखाडी गोळा दिसला. मला फार आनंद झाला, ताई. परक्या देशात आपली विद्या चालते असं वाटलं.

तिथले लोकही असाच माग काढतात. एका जागी तीस झाडं निवडायची, प्रत्येक बुंध्याभोवती मीटरभर जमीन पाचोळा बाजूला करून पाहायची, लेंड्या आहेत की नाहीत तेवढं नोंदवायचं. तीसपैकी किती झाडांखाली सापडल्या यावरून ती जागा कोआलाची खरी वस्ती आहे की नुसती ये-जा, ते ठरतं. लेंडीच्या वासावर शिकवलेले कुत्रेही आहेत. २०१९-२०च्या वणव्यांनंतर जळालेल्या रानात वाचलेले कोआला शोधायला असा कुत्रा नेला होता.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. तो अगदी योग्य जागी बोट ठेवतोय. त्या घरामागे ज्या झाडावर तो रात्री चरायचा त्याला तिकडे फॉरेस्ट रेड गम म्हणतात, शास्त्रीय नाव युकॅलिप्टस टेरेटिकॉर्निस. ते ऐकून मी चमकलो. आपल्याकडे म्हैसूर गम म्हणून जी निलगिरी देशभर लावली, ती मुख्यतः याच जातीची. म्हणजे तुमच्या वरकसातल्या एकोणीस झाडांत कोआलाच्या आवडीचंच झाड असू शकतं.

पण एक झाड म्हणजे घर नव्हे. निलगिरीच्या जाती सहाशेंहून जास्त, त्यातल्या काही थोड्याच तो मनापासून खातो, आणि दर भागातल्या कोआलांची आवड वेगळी. त्यातही एकाच जातीची दोन झाडं शेजारी उभी असली तर एक खातो, एक सोडतो. मी रोज पाहायचो. फांदी हाताने ओढून घेतो, पान नाकाशी नेतो, हुंगतो, मग एक तर दाताखाली धरतो नाही तर सोडून देतो. पानात विष असतं, ते झाडागणिक कमी-जास्त. ओलावा आणि पौष्टिकपणाही तसाच. आपल्याकडे कातळावरचा हापूस आणि मळईतला हापूस एक लागतो का? तसंच ते. ओढ्याकाठच्या चांगल्या मातीतली झाडं त्याला जास्त मानवतात, आणि माणसाने शेतीसाठी, घरांसाठी पहिल्यांदा तीच जमीन साफ केली.

एकेका कोआलाची ठरलेली झाडं असतात. काही ठिकाणी दोन-चार एकरांत भागतं, विरळ रानात शंभर हेक्टरही पुरत नाहीत. नराच्या छातीवर ग्रंथी असते, तो खोडाला छाती घासून खूण करतो. दुपारी तो दुसऱ्याच झाडावर बसायचा, बाभळीच्या जातीच्या एका दाट झाडावर, खालच्या फांदीवर पोट चिकटवून, चारी पाय लोंबते सोडून. मला वाटायचं आळस. तसं नव्हे. २०१४ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं की तापल्या दिवशी खोड हवेपेक्षा गार असतं आणि कोआला अंगातली उष्णता त्यात सोडतो. घामावाटे किंवा धापेवाटे पाणी घालवणं त्याला परवडत नाही. म्हणून खायचं झाड वेगळं, निजायचं वेगळं, आणि दोन्ही लागतात.

सप्टेंबरात एक मादी यायची, पाठीवर पिल्लू. पिल्लू जन्मतं तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढं असतं, दोन सेंटिमीटर, वजन ग्रॅमभरसुद्धा नाही. आंधळं, केस नसलेलं, आणि तरी स्वतः रांगत पिशवीत शिरतं. सहा-सात महिने आत, मग वर्षाचं होईपर्यंत आईच्या पाठीवर. आईने उडी मारली की ते दोन्ही हातांनी केस मुठीत धरून डोळे मिटायचं. हाताला दोन अंगठे असतात आणि बोटांवर आपल्यासारखेच ठसे. ते पिल्लू मी विसरणार नाही.

गुरांचा डॉक्टर

वनरक्षक काकांनी फार छान लिहिलंय. मी रोहा-मुरूड भागात गुरांना औषध देत फिरतो, कोआलाला कधी हात लावलेला नाही. पण ताईंच्या शेळ्या का खात नाहीत आणि तो का खातो, यावर बोलू शकतो, कारण त्याच्या पोटाबद्दल वाचायला लागलो की मला थांबवत नाही.

शेळी-गाईत चारा आंबवायची सोय पुढे, कोठीपोटात. कोआलाची मागे, घोड्या-सशासारखी, आंधळ्या आतड्यात, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरच्या बंद पिशवीत. अंगाची लांबी पाऊण मीटर, आणि आंधळं आतडं दोन मीटरपर्यंत! पान तिथे बराच काळ राहतं आणि जिवाणू ते हळूहळू फोडतात. विषाचा बंदोबस्त यकृत करतं. २०१८ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा विष निकामी करणाऱ्या एन्झाइमांची जनुकं त्याच्यात वाढलेली आढळली. निलगिरीने तो गुंगतो हे खोटं. पानातून ऊर्जाच इतकी थोडी मिळते की दिवसातले अठरा-वीस तास पडून राहणं हाच त्याचा हिशेब आहे.

या यकृतामुळे डॉक्टरांची पंचाईतही होते. गाईला दुखणं-सूज असेल तर मी मेलोक्झिकॅम टोचतो. तेच कोआलाच्या अंगातून इतक्या झपाट्याने निघून जातं की उपयोग फार कमी.

आता मुख्य गोष्ट, मुलाला ही जरूर सांगा. पिल्लाच्या पोटात ते जिवाणू जन्मतः नसतात. सहाव्या महिन्याच्या सुमारास पिल्लू पिशवीतून तोंड बाहेर काढतं आणि आई नेहमीच्या कडक लेंडीऐवजी एक मऊ, पातळ मळ देते. पिल्लू तो खातं. ऐकायला कसंतरी वाटेल, पण आईच्या आंधळ्या आतड्यातले जिवाणू त्याच्या पोटात जायची वाट तीच. त्यानंतरच ते पान खाऊ लागतं. म्हणजे आईने जे झाड खाल्लं ते पचवायची ताकद पिल्लाला आईकडून मिळते.

आणि ती ताकद त्या झाडापुरतीच असू शकते. व्हिक्टोरिया राज्यात केप ऑटवे इथे कोआला इतके वाढले की त्यांनी मॅना गम जातीची झाडं ओरबाडून निष्पर्ण केली. २०१३च्या सुमारास शेकडो उपासमारीला लागले, आणि जवळच मेसमेट नावाच्या दुसऱ्या जातीची निलगिरी पानांनी भरलेली होती! बहुतेक तिकडे वळले नाहीत. मग संशोधकांनी मेसमेट खाणाऱ्या कोआलांच्या लेंड्यांतले जिवाणू कॅप्सूलमध्ये भरून मॅना गमवाल्यांना दिले. काहींच्या पोटातली वस्ती बदलली, आणि जितकी बदलली तितकं मेसमेट ते जास्त खाऊ लागले. हे २०१९ साली छापून आलं.

हे वाचलं तेव्हा मला माझंच काम आठवलं. गाय अफरा होऊन रवंथ करायची थांबली की निरोगी जनावराच्या कोठीपोटातलं पाणी काढून तिला पाजतो. आमच्या आजीच्या काळी धडधाकट बैलाच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी गुराला देत. तत्त्व तेच.

तर 'आणून सोडला तर जगेल का' याचं माझं उत्तर: झाड त्याच नावाचं असलं तरी पोट त्या झाडाशी जुळलेलं हवं. शिवाय त्यांच्यात क्लॅमिडिया नावाचा रोग फार आहे. डोळे जातात, मूत्राशय सुजतं, माद्या वांझ होतात. अँटिबायोटिक दिलं तर पोटातले जिवाणूही मरतात आणि कोआला रोगातून उठून उपाशी मरू शकतो. म्हणून सनशाइन कोस्ट विद्यापीठाने तयार केलेल्या लशीला २०२५च्या सप्टेंबरात तिकडे मंजुरी मिळाली, ती बातमी वाचून मला मनापासून बरं वाटलं.

म्हातारा कोआला बहुधा दातांनी मरतो, हेही लिहून ठेवतो. चावून चावून दाढा झिजतात, पान बारीक होत नाही, आणि भरल्या झाडावर तो खंगतो. म्हाताऱ्या गाईचं तोंड उघडून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आगरवाली

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? दोन रात्री वाचलं. मऊ मळाचं ऐकून धाकटी ओरडली, "शी!" आणि मोठा तिच्यावर रागावला, म्हणाला, "अगं, आई त्याला तिचं पोट देतेय." त्याने ते वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहिलंय.

काल दुपारी एक वाजता तो वरकसात गेला आणि गाल लावून खोडं तपासून आला. त्याच्या मते सर्वात गार फणस, मग ऐन, मग निलगिरी. आंबा कोमट. आज शाळेतून थर्मामीटर मागणार आहे.

पाण्याचं राहिलं. आणि त्याचा दुसरा प्रश्न, तिकडे एवढी झाडं असताना तो धोक्यात कसा आला?

मला स्वतःला एक विचारायचंय. आमच्या वरकसाच्या वरच्या बांधावर शेजाऱ्यांचे चार किंजळ आणि एक मोठा ऐन आहे. त्यापलीकडे जंगल सुरू होतं. शेजारी या मे महिन्यात ते तोडून विकायचं म्हणतात. काकांनी खायचं झाड, निजायचं झाड लिहिलं तेव्हापासून मला ती पाच झाडं डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

जुना वनरक्षक

पाणी तो पितो. बरंचसं पानातून मिळतं, पण २०२० साली सिडनी विद्यापीठातल्या बाईंनी नोंदवलं की पावसात खोडावरून जी धार उतरते ती तो चाटतो. दुष्काळात पानं सुकली की जमिनीवर उतरून माणसाच्या दारातलं भांडंही चालतं.

आणि जमिनीवर उतरणं हाच त्याचा काळ. झाडावर तो राजा आहे, खाली त्याला नीट पळता येत नाही. पूर्वी माणसाने कातडीसाठी मारला. क्वीन्सलँडमध्ये १९२७च्या ऑगस्टात शिकार खुली केली आणि त्या एका महिन्यात पाच लाखांहून जास्त कोआला गेले. शिकार थांबली, मग रान तुटलं. घरं, रस्ते, मधे दोन-दोन झाडांचे ठिपके. एका झाडावरून दुसऱ्याकडे जायला खाली यावं लागतं, आणि खाली मोटार किंवा कुत्रा. २०१९-२०च्या वणव्यांत एकट्या कांगारू बेटावर पन्नास हजारांपैकी सुमारे साडेआठ हजार उरले. फेब्रुवारी २०२२मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशात त्याला 'संकटग्रस्त' ठरवलं. दक्षिणेत मात्र काही ठिकाणी डॉक्टरांनी लिहिलं तसे अती झालेत. एकीकडे उरले नाहीत, एकीकडे पोसवत नाहीत, कारण हलायला वाट नाही.

मुलीच्या घराजवळच्या मोठ्या रस्त्यावर पिवळी पाटी होती, कोआलाचं चित्र असलेली. एका पहाटे त्याच पाटीखाली एक मादी पडलेली दिसली. तिथले स्वयंसेवक येईपर्यंत मी आणि मुलगी उभे राहिलो. त्यांनी सगळ्यात आधी पिशवीत हात घालून पाहिलं. रिकामी होती. तिकडे आता काही रस्त्यांना कुंपण घालून खालच्या मोऱ्यांतून कोआलाला चालायला लाकडी कठडे बसवलेत आणि तो ते वापरतो.

आता तुमचे किंजळ. निसर्ग वादळ आलं तेव्हा मी नोकरीत होतो. फणसाडमध्ये वरचं छप्पर जागोजाग फाटलं. त्या पावसाळ्यात मी शेकरू जमिनीवर चालताना पाहिलं, तेवीस वर्षांच्या नोकरीत न पाहिलेलं. एरवी ते फांदीवरून फांदीवर जातं, एका फळझाडावर खातं, दुसऱ्या उंच झाडावर काटक्यांची घरटी बांधतं, एक नाही, चार-पाच. फांद्यांची वाट तुटली की तेही कोआलासारखंच खाली येतं, आणि आपल्या वाड्यांत कुत्रे काही कमी नाहीत.

शेजाऱ्यांशी भांडू नका. त्यांना विचारा, झाड न पाडता नुसतं कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडून चालेल का? राबाला, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायला, कवळ मिळेल, किंजळ-ऐनाला पुन्हा फूट येते, झाड उभं राहतं. पैशाची निकड असेल तर पाचांतला कडेचा एक द्या, पण ज्यांच्या फांद्या पलीकडच्या रानाला टेकतात ते राखा. आधी खाली उभं राहून कुठल्या फांद्या टेकतात ते बघून घ्या. आणि पोराला सांगा, तीस झाडांची पद्धत आपल्याकडेही चालते.

(वर 'तेवीस' झालंय, ते 'तेहतीस' वाचावं.)

आगरवाली

काका, शेजारच्या दादांकडे रविवारी आम्ही दोघं गेलो. मुलाने वही दाखवली. दादांनी कोआलाची पानं नीट वाचली. दोन किंजळ आणि ऐन ठेवतो म्हणाले, कवळ घेतील. कडेचे दोन जाणार, मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे, त्यांचंही खरं आहे.

तीस झाडं केली. निलगिऱ्या एकोणीस, बांधावरची पाच, आणि पलीकडची सहा. मीटरभर दोरीला खुंटी बांधून गोल आखला, पाचोळा हाताने बाजूला केला. एकोणीसपैकी अठरा निलगिऱ्यांखाली काहीच नाही. एकीखाली आमच्याच शेळीच्या लेंड्या. ऐनाखाली वानरांचं, ते आम्हाला ओळखतं. पलीकडच्या जांभळीखाली मात्र अर्धवट कुरतडलेल्या बिया आणि बारीक काळ्या लेंड्या आहेत, उंदराच्या नक्की नाहीत. मुलगा म्हणतो शेकरू, मी म्हणते खार. त्याने पट्टी शेजारी ठेवून फोटो काढलाय. वाडीत रेंज आली की टाकते, बघून सांगा.